पिंगळ्याचा हात

खोका उघडायच्या आधीच केतकी निमसेने ठरवून टाकलं होतं की आतली वस्तू आपल्याला फारशी आवडणार नाही. तिचा स्वभावच तसा. व्हिडिओ गेमवर मराठीत लिहिणारे बरेच होते, पण केतकीची लेखणी त्यांच्यात जरा तिखट. तिच्या ‘पहिला डाव’ या सदराचा नियम साधा होता: नवा गेम दिवसभर खेळायचा आणि जे वाटलं ते आडपडदा न ठेवता लिहायचं. कंपन्या तिला वचकून असत, तरीही न चुकता गेम पाठवत, कारण वाचणारे तिच्यावर विश्वास ठेवत.

या खोक्यात ‘मूठ’ होती. पुण्याच्या उंबरा स्टुडिओने बनवलेलं, दोन्ही हातांत धरून खेळायचं यंत्र. बाजारात यायला अजून अवकाश होता. सोबत एकच गेम दिलेला, साहसाचा, नाव ‘धुक्यापल्याड’.

“आलं का तुझं नवीन खेळणं?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. शैलाताईंच्या लेखी लेकीची नोकरी म्हणजे पगारी सुट्टी होती.

खिडकीपाशी पेपर वाचत बसलेल्या दिगंबर निमसेंनी मान वर केली. खोक्यावरचं नाव वाचलं, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, “मी जरा दूध घेऊन येतो.”

“अहो, दूध आहे घरात. सकाळीच आणलंय तुम्ही.”

तोवर पप्पा चपला घालून जिन्यात पोचलेसुद्धा होते. भूमितीचे मास्तर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस विनाकारण पाऊल उचलणारा नव्हता. पण केतकीचं लक्ष कुठे होतं, तिने मूठ हातात घेतली होती.

आणि पाच मिनिटांत तिचा आधीचा निश्चय पार कोलमडला.

गेममधला देश असा की त्याच्या सगळ्या दऱ्या धुक्याने भरल्यात. रस्ते, गावं, शेतं, सगळं खाली बुडालेलं. वर उरलेत फक्त सुळके आणि कडे, आणि त्यांच्या माथ्यावर तग धरून राहिलेली माणसं. शेवंता नावाची मुलगी बियाण्यांची पिशवी पाठीला बांधून एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर जाते. आता अशा गोष्टी केतकीने ढिगाने खेळल्या होत्या. पण शेवंताने पहिल्या कड्याला हात घातला, खालून दोर ताणला गेला, आणि केतकीचे हात खरोखर खाली ओढले गेले. तिने दचकून मूठ उलटीपालटी करून पाहिली. कुठे तार नाही, वजन नाही. तळहाताएवढं यंत्र, आणि ओढ मात्र अस्सल.

यातली करामत तिला माहितीपत्रकातून कळली ती अशी. मुठीच्या आत इवलीशी वजनं असतात. ती एका दिशेला झटकन जातात आणि परत मात्र सावकाश येतात. आपल्या कातडीला झटका कळतो, सावकाश परतणं कळत नाही. एसटीचा ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो तेव्हा आपण पुढच्या सीटवर आदळतो, ते लक्षात राहतं. मग गाडी हळूहळू वेग घेते, ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. असे झटके एकाच दिशेने भराभर देत राहिलं की हाताची खात्रीच पटते, कुणीतरी आपल्याला ओढतंय. शेवंताचा दोर तिच्या कमरेला होता, पण त्याची प्रत्येक हालचाल केतकीच्या बोटांना कळत होती.

तासाभरात तिच्या तळहातांना घाम फुटला. तिचा उजवा हात आपसूक मागे, कमरेकडे गेला आणि हवेत चाचपडून परत आला. तिथे एके काळी, ती खरे कडे चढायची तेव्हा, खडूच्या भुकटीची पिशवी लटकलेली असायची. केतकीला हसू फुटलं. कितीतरी दिवसांत एखाद्या गेमने तिला इतकं खुळावलं नव्हतं. बकऱ्या विकणारा म्हातारा नको तितका बोलतो, यंत्र पाठीमागून तापतं, आणि ‘पूर्वस्थितीत प्रत्यावर्तन करा’ असलं मराठी लिहिणाऱ्याला एकदा भेटायला हवं, असं तिने मनात टिपून ठेवलं. पण ते सगळं वरवरचं. आतून ती उकळत्या दुधासारखी वर येत होती.

दुसऱ्या कड्याला दोर धरणारा सोबती निवडायचा होता. सोबती पडद्यावर दिसत नाही. तो खाली धुक्यात उभा असतो, त्याचा फक्त दोर कळतो. नावं पक्ष्यांची. केतकीने आधी शिक्रा घेतला. तो उतावळा, सारखा वर रेटणारा. मग धोबी घेतला, तर हा आपल्याच तंद्रीत, ढील मागितली की हातभर सोडून मोकळा. ढील म्हणजे दोरातली सैल जागा. चढणाऱ्याला पुढे सरकायला ती लागतेच, पण जितकी जास्त तितकं पडल्यावर खाली जाणं आलं. केतकीने धोबीला नावं ठेवली आणि पिंगळा निवडला.

शेवंता कड्याच्या पुढे आलेल्या पोटाखाली आली, तिथून वर काही दिसेना. केतकीने ढीलचं बटण दाबलं. ढील आली नाही. आधी दोराला खालून दोन बारीक हिसके बसले, अगदी हलके, दारावर बोटाने टकटक करावी तसे. मग वीतभर दोर सुटला.

केतकीने मूठ मांडीवर ठेवली. मग पुन्हा उचलली, पुन्हा ढील मागितली. दोन हिसके. मग वीतभर.

हा हात ती ओळखत होती. जगात दुसऱ्या कुणाचा तो असणं शक्य नव्हतं.

ती आठ वर्षांची असताना पप्पांनी तिला नाशिकबाहेरच्या घोडनाकाच्या कड्यावर पहिल्यांदा दोराला बांधलं. ते दर रविवारी तिथे मुलांना चढायला शिकवत. मध्ये कड्याचं पोट पुढे आलेलं, त्याच्या वर गेलं की खाली कोण उभं आहे ते दिसत नाही. तिथे केतकी घाबरून रडायची. मग पप्पा ढील देण्याआधी दोराला दोन हलके हिसके द्यायचे, म्हणजे आहे मी इथे. पुढे ती सवय त्यांच्या हाताला चिकटली ती चिकटलीच. इतर क्लबांतली जाणती माणसं सांगून थकली, “निमसे सर, ही पद्धत चुकीची आहे. चढणारा एका अंगठ्यावर उभा असताना दोर हलवू नये.” सरांना ते पटायचं, मान डोलवायचे, आणि पुढच्याच वेळी पुन्हा दोन हिसके.

केतकीलाही मोठेपणी त्याचा वैताग यायला लागला होता. “किती आवळून धरता पप्पा, ढील द्या ना,” हे तिचं दर रविवारचं पालुपद. पाच वर्षांपूर्वीच्या एका रविवारी ती जरा जोरातच ओरडली. त्या दिवशी पप्पांनी ऐकलं. हिसके नाहीत, काही नाही, भरपूर ढील दिली. पुढच्याच क्षणी तिचा पाय सटकला आणि ती खालच्या खडकाच्या टप्प्यावर आपटली. घोट्यात पट्टी आणि स्क्रू बसले. वर्षभराने डॉक्टरांनी सांगितलं, आता खुशाल चढा.

पण पप्पांनी दोराला हात लावणं सोडलं ते कायमचं. दोर, हुक, पट्टे, सगळं क्लबला देऊन टाकलं. केतकी म्हणायची, चला ना घोडनाकाला, तर त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. जगातल्या सगळ्या विषयांवर बापलेक तासन्‌तास बोलत, फक्त या एका ठिकाणी आले की पप्पा पेपर उघडत. दुसऱ्या कुणाच्या दोरावर चढायचा प्रयत्न तिने करून पाहिला होता. पायच उचलत नसे. तिला पुन्हा चढायचं होतं आणि ते याच माणसाच्या दोरावर.

तेवढ्यात फोन वाजला. उंबराचा ओजस क्षीरसागर होता, मुठीवर काम करणाऱ्या गटातला.

“केतकीताई, दम धरवत नाही म्हणून फोन केला. कसं वाटतंय?”

“ओजस, हे सोबती कुणी बनवलेत?”

“बनवले नाहीत, शिकवलेत.” त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “माणसाचा आवाज जसा वेगळा, तसा दोर धरणारा हातही वेगळा. आम्ही खऱ्या प्रस्तरारोहकांच्या हाताला पट्टी बांधली. हात हलायच्या आधी कोपराखालच्या स्नायूंतून विजेची बारीक लहर जाते, ती पट्टी टिपते. मुरलेल्या माणसाचा हात डोकं ठरवायच्या आधीच आवळतो. कधी आवळतो, किती सोडतो, कधी कचरतो, हे यंत्र शिकतं. मग कधीच न घडलेल्या प्रसंगातही तो माणूस जे करेल तेच करतं.”

“आणि ती माणसं कोण?”

“ते कुणालाच सांगायचं नाही, तसा शब्द दिलाय आम्ही. हात म्हणजे चेहऱ्यासारखाच झाला ना. म्हणून तर गेम आधी तुमच्यासारख्या चढणाऱ्यांना पाठवला. कुणी एखादा हात ओळखला, तर आम्ही तो गेममधून काढतो आणि मूळ नोंदीसकट पुसतो. तुम्हाला कुणी ओळखीचं वाटलं?”

हो म्हटलं की हा हात पुसला जाणार. नाही म्हटलं की तो कायम तिच्याजवळ राहणार, पप्पा थकले तरी, पप्पा नसले तरी. ज्या दोरासाठी ती पाच वर्षं विनवण्या करत होती तो आयता तिच्या मुठीत आला होता.

“संध्याकाळी सांगते,” ती म्हणाली.

“चालेल. पण पिंगळा वापरून बघा हां, तो माझा लाडका. तुमच्या नाशिकलाच टिपला. दोराच्या दुसऱ्या टोकाला आम्ही वजन टांगून ते अचानक पाडायचो. बाकीच्यांचं काम एका दिवसात उरकलं. हे काका मात्र रोज यायचे. म्हणायचे, अजून एकदा पाड. आधी ढील मागायची आणि मग पाडायचं.” ओजस एकदम थांबला. “हे मी बोलायला नको होतं.”

फोन ठेवल्यावर केतकीने शेवंताला पुन्हा कड्याच्या पोटापर्यंत नेलं. तिने ढील मागितली. दोन हिसके, वीतभर दोर. पुन्हा मागितली. पुन्हा तेवढाच. तिसऱ्यांदा बटण दाबून धरलं, चौथ्यांदा दाबलं, पण पिंगळा वितीच्या पुढे जाईना. मग तिने दोन्ही अंगठे उचलले आणि शेवंताला सोडून दिलं.

पडद्यावर दगड गडगडले, धुकं वर धावून आलं, आणि मूठ तिच्या हातांत एकदम घट्ट झाली. शेवंता वीतभर खाली येऊन लोंबकळत होती. दोर जरा हलला, स्थिरावला. आणि मग खालून सावकाश दोन हिसके आले.

केतकी रडली. आनंद झाला म्हणून रडली आणि संताप आला म्हणूनही. हा माणूस चोरून जाऊन रोज दोर धरत होता. उद्या घराघरांतल्या पोरांना हा धरणार. फक्त घरातल्या पोरीला धरायचं म्हटलं की याचे गुडघे दुखतात.

दुधाची पिशवी घेऊन पप्पा कधीचे परत आले होते आणि गच्चीतल्या कुंड्यांना नको इतकं पाणी घालत होते. चहाच्या वेळी ते आत आले तेव्हा केतकीने मूठ त्यांच्या हातात दिली.

“मला कुठे येतंय हे,” पप्पा म्हणाले.

“डाव्या अंगठ्याने पाय, उजव्याने हात. मधलं बटण दाबलं की ढील. बसा.”

“आणि खाली कोण आहे?”

“आहे एक जण.”

पप्पा बसले. चष्मा वर सरकवला. पहिल्या दोन पकडींतच शेवंताचे हातपाय एकमेकांत अडकवले, पण कातळ बघितल्यावर त्यांचे खांदे आपोआप पुढे आले. भूमितीच्या मास्तरांना वाट दिसते. डावीकडची खाच, मग उजवीकडचा कंगोरा, करत करत ते कड्याच्या पोटाशी पोचले आणि त्यांनी ढील मागितली. दोन हिसके आले. पप्पांचा चेहरा बदलला. वीतभर दोर आला.

“अजून पाहिजे,” ते पुटपुटले. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. “देत का नाही हा?”

“तो तसाच आहे,” केतकी म्हणाली. “पहिल्यापासून.”

आई कपबशा घेऊन दारात उभी राहिली होती. “काय चाललंय बापलेकीचं?”

“आई, हे मध्यंतरी रोज योगासनाच्या वर्गाला म्हणून जात होते ना, ते योगासनाला जात नव्हते.”

“मला वाटलंच. कंबर होती तशीच आहे.”

एवढ्यात पप्पांचा अंगठा चुकला आणि शेवंता पडली. मूठ त्यांच्या दोन्ही हातांत घट्ट झाली. पप्पा जागच्या जागी थिजले. आयुष्यभर त्यांनी शेकडो पोरांना धरलं होतं, पण दोराच्या खालच्या टोकाला आपण असताना वरच्या टोकाला काय कळतं, हे त्यांना कधी कळायचं कारणच नव्हतं. कुठल्याच माणसाला ते कळत नाही. आपला हात आपल्याला कसा धरतो, ते आज पहिल्यांदा त्यांना कळत होतं. दोर स्थिरावला. दोन हिसके आले.

“अजून एकदा पाडू?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता अंगठे उचलले. पुन्हा धरलं गेलं. मग आणखी एकदा.

“चहा निवतोय,” आई म्हणाली. कुणीच कप उचलला नाही.

“बरा धरतो की,” पप्पा शेवटी म्हणाले. “पण त्या दिवशी ढील मीच दिली होती, केतू. एवढी द्यायला नको होती.”

“मी मागितली, तुम्ही दिलीत. आणि तेव्हाही दोर तुमच्या हातातून सुटला नव्हता पप्पा. मी टप्प्यावर आपटले आणि तिथेच राहिले, खाली दरीत नाही गेले. हे मी पाच वर्षं सांगायला बघतेय आणि तुम्ही पेपर उघडून बसता.”

पप्पांनी खरोखरच पेपरकडे पाहिलं. मग पाहणं सोडून दिलं.

केतकीने त्यांना ओजसचं बोलणं सांगितलं. मी ओळखला म्हटलं तर हा हात पुसतील. नाही म्हटलं तर राहील. “मला तो ठेवावासा वाटतोय,” ती म्हणाली. “तुम्ही येणारच नसाल तर निदान हा तरी असू दे माझ्याजवळ.”

पप्पांनी मूठ टेबलावर ठेवली आणि स्वतःचे तळहात गुडघ्यांवर पुसले.

“पुसू दे,” ते म्हणाले. “रविवारी माझा हात मोकळाच असतो.”

केतकीने तिथेच, त्यांच्यासमोर ओजसला फोन लावला. पिंगळा ओळखला म्हटल्यावर तो आधी कण्हला, मग हळूच म्हणाला, “काका बरे आहेत ना?” त्याच आठवड्यात मुठीत नवा बदल उतरला आणि यादीतून पिंगळा नाहीसा झाला. केतकीला चुटपुट लागली, ती तिने लपवली नाही. पण ‘पहिला डाव’मधला लेख तिने एका बैठकीत लिहिला, आणि इतका कौतुकाचा लेख तिच्या हातून आधी कधी उतरला नव्हता. बकऱ्यावाल्या म्हाताऱ्याला आणि त्या प्रत्यावर्तनाला तिने यथेच्छ झोडपलं. शेवटी लिहिलं: “माझ्या यंत्रात एक सोबती होता, तो तुमच्या यंत्रात नसेल. त्याबद्दल दिलगीर आहे, पण रविवारी तो कामात असतो.”

रविवारी घोडनाकाच्या पायथ्याशी पप्पांनी क्लबकडून मागून आणलेला दोर हातभर हातभर तपासला, केतकीच्या पट्ट्याची गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ऊन तर अजून आलंही नव्हतं. केतकीने खडूच्या भुकटीत हात बुडवले, काळ्या कातळाला तळवा लावला आणि पाय उचलला. पाय उचलला गेला.

घोटा जरा कुरकुरला, मग गप्प बसला. एकेक पकड तिला जुन्या शेजाऱ्यासारखी भेटत गेली. कड्याचं पोट आलं. पप्पा दिसेनासे झाले.

“ढील द्या,” ती ओरडली.

दोन हिसके. वीतभर दोर.

“अजून द्या.”

दोर आला नाही.

“किती आवळून धरता पप्पा.”

“लिही तसं तुझ्या लेखात,” खालून आवाज आला.

केतकीला हसू आवरेना. तिने डोळे मिटले, आणि काही न सांगता दोन्ही हात सोडले. ती वीतभर खाली आली आणि थांबली. कमरेचा पट्टा मांड्यांत रुतला. कातळ नाकासमोर डोलत होता आणि खाली सगळं चिडीचूप होतं. ती लोंबकळत वाट बघत राहिली.

मग दोराला दोन हिसके बसले.

“चल आता वर,” पप्पा खालून म्हणाले. “ऊन चढतंय.”